मुद्रक संघात वेळ घालावा का? हिशेबासकट उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात दोन रंगी ऑफसेट, एक कटिंग मशीन आणि चार माणसांचा छापखाना आहे. मुद्रक संघाची वर्गणी दरवर्षी भरली जाते, वर्षातून एकदा स्नेहमेळाव्याला हजेरी लागते, बाकी बातम्या व्हॉट्सॲपवर येतातच. मग बैठकांना जाऊन, समितीत बसून नेमकं काय मिळतं? यंदा वर्गणी भरावी की सोडून द्यावी?

नुसती वर्गणीच भरायची असेल तर सोडून दिली तरी काही बिघडणार नाही. पावती फाइलला लागेल, प्रमाणपत्र भिंतीला लागेल, एवढंच. संघातून पैसा सुटतो तो महिन्याचे तीन-चार तास दिल्यावर आणि स्वतःच्या छापखान्याचे दोन-चार खरे आकडे इतरांसमोर मांडल्यावर. व्हॉट्सॲपच्या गटात कोणी खरे आकडे टाकत नाही. तिथे शुभ सकाळ आणि जुन्या मशीनच्या जाहिराती येतात.

सगळ्यात मोठी वसुली भाव काढण्यात आहे, म्हणून तिथून सुरुवात करू. छोटा छापखाना बहुधा शेजाऱ्याचा भाव ऐकतो आणि पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, त्याच्यापेक्षा थोडा कमी सांगतो. शेजाऱ्याने तरी हिशेब केलेला असतो का? त्याने तिसऱ्याचा भाव ऐकलेला असतो. मशीनचा तासाचा खर्च कोणीच काढलेला नसतो. तो असा काढायचा. उदाहरणासाठी महिन्याचे आकडे धरू: मशीनचा हप्ता ६० हजार, जागेचं भाडं २५ हजार, मशीनमन आणि हेल्पर मिळून ४५ हजार, वीज २० हजार, दुरुस्ती आणि रोलर-ब्लँकेट १५ हजार, ऑफिसचा वाटा २० हजार. एकूण १ लाख ८५ हजार. महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. भागाकार केला की तासाला ₹८८९ येतात, आणि मालक खुशीने ₹९०० धरून भाव सांगतो.

चूक इथेच होते. २०८ तास मशीन उभं असतं. विकले जातात त्यातले किती? प्लेट यायची आहे, पार्टीने प्रूफ पास केलेलं नाही, कागद कापून झालेला नाही, वीज गेली, धुलाई चालू आहे, हेल्पर आला नाही. बिलात जाणारे तास (मेक-रेडी, म्हणजे छपाईआधी प्लेट, शाई आणि कागद जुळवायचा वेळ, धरून) ५५ टक्के निघाले तरी ते ११४ होतात. १ लाख ८५ हजार भागिले ११४ म्हणजे ₹१,६२३. ₹९०० ने भाव सांगणारा प्रत्येक विकलेल्या तासाला सातशेवर रुपये स्वतःच्या खिशातून घालतो, आणि वर्षअखेरीस 'काम खूप आहे पण पैसा दिसत नाही' म्हणतो. हप्ते फिटलेल्या मशीनवर तर हप्त्याची ओळच खोडली जाते. तिथे घसारा धरला नाही तर सात-आठ वर्षांनी मशीन बदलायला पैसा राहत नाही.

५५ टक्के हा आकडा तुमचा नसेल. तो मोजावा लागतो. मशीनला एक वही बांधा. जॉब क्रमांक, मेक-रेडी सुरू, पहिली चांगली शीट, छपाई संपली, इम्प्रेशन (किती छाप मारले), वाया गेलेल्या शीट, थांबण्याचं कारण असे सात रकाने. मशीनमनला सांगा की ही वही त्याची हजेरी धरायला नाही, नाहीतर तो सगळीकडे 'वीज गेली' लिहील. तीस दिवस नोंदी ठेवा. हे एकट्याने केलं तर तुमचा आकडा कळतो, पण तो चांगला की वाईट ते कळत नाही. संघातल्या पाच-सहा जणांनी एकाच नमुन्याची वही ठेवली आणि महिनाअखेरीस एकत्र बसले, की तुमची दोन रंगी मेक-रेडी ४५ मिनिटं आणि दुसऱ्याची २५ मिनिटं असं समोर येतं. मग कारणं निघतात: त्याच्या प्लेटा पंच करून (मशीनवर नेमक्या जागी बसायची भोकं पाडून) येतात, प्लेट-ब्लँकेटखालचं पॅकिंग मायक्रोमीटरने मोजलेलं असतं, पुढच्या जॉबचा कागद आधीच फीडरजवळ, म्हणजे मशीनमध्ये शीट जातात तिथे, लागलेला असतो. रोज तीन जॉब धरले तर २० मिनिटांचा फरक म्हणजे रोजचा एक तास, महिन्याचे २६ तास. ते विकले गेले तरच पैसा, हे खरं. पण दिवाळीच्या आधी आणि डिसेंबरात, लग्नपत्रिका, कॅलेंडर आणि हिवाळी अधिवेशनाची कामं एकदम आली की ते विकले जातात.

इथे एक लक्ष्मणरेषा पाळायलाच हवी. तासाचा खर्च काढायची पद्धत, मेक-रेडीची मिनिटं, वाया जाणाऱ्या शीट यांची तुलना करा. पण 'आपण सगळे हजार पत्रकांना इतकेच घेऊ' असं ठरवू नका, तसं रेटकार्ड संघाच्या लेटरहेडवर तर मुळीच काढू नका. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पर्धकांनी मिळून भाव ठरवणं थेट येतं, आणि 'आम्ही तर संघ आहोत' हा बचाव चालत नाही. औषध विक्रेत्यांच्या संघटनांना स्पर्धा आयोगाने दंड ठोकलेले आहेत. बैठकीत कोणी भाव ठरवायचा विषय काढला तर इतिवृत्तात 'विषय घेतला नाही' असं लिहून घ्या.

दुसरी मोठी वसुली एकमेकांचं मशीन वापरण्यात. मुख्य मोटर जळाली आणि परवा सकाळी संत्रा बर्फीचे पाच हजार बॉक्स द्यायचे आहेत, अशा वेळी ओळखीच्या छापखान्यात जॉब हलवता आला तर पार्टी टिकते. पण ऐनवेळी फोन फिरवून हे जमत नाही. समोरच्याचं मशीन तुमची प्लेट घेईल की नाही हेच माहीत नसतं. संघात काम करणाऱ्यांनी एक तक्ता आधीच करून ठेवावा: प्रत्येकाच्या मशीनचं मॉडेल, प्लेटचं माप आणि जाडी, पंचिंगचा प्रकार, कमीत कमी आणि जास्तीत जास्त शीट, किती जीएसएमपर्यंत (कागदाचं दर चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) चालतं, ग्रिपरला, म्हणजे शीट पकडणाऱ्या चिमट्यांना, किती सोडायचं (बहुतेक ठिकाणी १० ते १२ मिमी), डाय-पंचिंग आणि लॅमिनेशन कोणाकडे. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते कोणी करत नाही. नव्या सदस्याने पहिल्या वर्षी हेच अंगावर घ्यावं. तक्ता करायला वीस छापखाने आतून बघावे लागतात, आणि ती पाहणी कोणत्याही प्रदर्शनापेक्षा जास्त शिकवते.

जॉब दुसऱ्याकडे पाठवताना भांडणं ठरलेल्या तीन जागी होतात. पहिली वेस्टेजवर: हजार शीटच्या कामाला किती जादा कागद द्यायचा ते चलनावरच लिहा, दोन रंगी साध्या कामाला ५० ते ७५, चार रंगी आर्ट पेपरला १०० ते १५० शीट हा व्यवहार्य अंदाज. दुसरी रंगावर: सही केलेली शीट सोबत द्या आणि शक्य असेल तर डेन्सिटी (छापलेल्या शाईचा गडदपणा) लिहा, कोटेड कागदावर सायन १.४०, मॅजेंटा १.४५, पिवळा १.००, काळा १.७५ च्या आसपास. 'जरा लाल जास्त मारा' या वाक्यावर भागीदाऱ्या मोडल्या आहेत. तिसरी पार्टीवर: ज्याने छापलं त्याने तुमच्या पार्टीला थेट भाव द्यायचा नाही. हा नियम कागदावर नसतो; तो मोडणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी मशीन देत नाही, आणि हे फक्त नियमित बैठक होणाऱ्या संघातच शक्य होतं. कागद तुमचा असेल तर जॉबवर्कचं डिलिव्हरी चलन करा. जीएसटीत असा माल एका वर्षात परत यावा लागतो.

आता नागपूरची खास अडचण: हवा आणि पाणी. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली येते. ऑगस्टमध्ये हीच आर्द्रता ८० च्या पुढे. छपाईच्या खोलीत ५० ते ५५ टक्के हवी. उन्हाळ्यात उघड्या कागदाच्या थप्पीच्या कडा सुकून आखडतात, मधला भाग तसाच राहतो. दुसरा रंग मागच्या कोपऱ्यांत जुळत नाही आणि मशीनमन रंगावर रंग जुळवायला रजिस्टर फिरवत बसतो. कोरडेपणामुळे कागदात वीज साठते, दोन-दोन शीट एकदम जातात. त्यावर उपाय म्हणून कूलर फीडरसमोर लावतात, तर ज्या बाजूने वारा लागतो त्या बाजूची कड ओलावून लाटांसारखी होते. कूलरचा झोत भिंतीवर घ्या, रिमचं वेष्टन छापायच्या वेळीच काढा, उरलेली थप्पी प्लास्टिकने झाका, बाहेरून आलेला कागद किमान रात्रभर मशीनच्या खोलीत बंदच ठेवा. फीडरजवळ एक साधं आर्द्रतामापक टांगा.

पाण्याचं तसंच. बोअरचं पाणी कठीण असतं. त्यातलं कॅल्शियम शाईच्या रोलरवर बसतं, रोलर चकाकतो, शाई घेत नाही, मशीनमन दाब वाढवतो, आणि प्लेट लवकर उडते. दोष शाईवाल्याला जातो. फाउंटनचा (प्लेट ओली ठेवणाऱ्या द्रावणाचा) पीएच ४.८ ते ५.३ ठेवा, ताज्या द्रावणाची कंडक्टिव्हिटी लिहून ठेवा, ती हजार मायक्रोसिमेन्सने वाढली की द्रावण फेका. नवा शाईचा रोलर ३० ते ३५ शोअर (कठीणतेचं माप) असतो. ४५ च्या वर गेला की ग्राइंडिंगला किंवा बदलायला काढा.

हे मोजायला उपकरणं लागतात, आणि दोन रंगी छापखान्याने एकट्याने डेन्सिटोमीटर घेणं परवडत नाही. संघाने एक पेटी करावी: डेन्सिटोमीटर, रोलरची कठीणता मोजायचं ड्युरोमीटर, पीएच-कंडक्टिव्हिटी मीटर, मायक्रोमीटर. प्रत्येक सदस्याकडे पंधरा दिवसांतून एक दिवस. पेटीसोबत वही आणि अनामत रक्कम हवीच, नाहीतर तिसऱ्या महिन्यात मीटरचं प्रोब कोरडं पडून मेलेलं सापडतं आणि शेवटचं कोणी वापरलं ते कोणालाच आठवत नाही. प्रोब त्याच्या साठवण द्रावणातच ठेवायचं, साध्या पाण्यात नाही.

मशीन कंपनीचा इंजिनिअर मुंबई-पुण्याहून येतो तेव्हाही एकत्र असण्याचा उपयोग होतो. येण्या-जाण्याचं भाडं, हॉटेल आणि दिवसाचा भत्ता एकट्यावर पडण्याऐवजी एकाच बनावटीच्या मशीनवाल्या तिघा-चौघांत वाटला जातो. अट एवढीच, की बोलावण्याआधी प्रत्येकाने मशीनचा अनुक्रमांक, बिघाड कोणत्या वेगाला होतो, आधी काय बदललं आणि संशयित पार्टचा क्रमांक कळवायचा. नाहीतर इंजिनिअर येतो, पार्ट नसतो, आणि तो बघून परत जातो. बिल मात्र येतं.

कायद्याच्या बाजूला तीन गोष्टी रोजच्या कामाच्या आहेत. पहिली निवडणुकीची. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ प्रमाणे पत्रक किंवा पोस्टरच्या दर्शनी भागावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवं. प्रकाशकाचं सही केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत घ्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षी. छापल्यावर घोषणापत्राची एक प्रत आणि छापील नमुना द्यायचा. राजधानीच्या शहरात हे मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे जातं. नागपूर उपराजधानी असली तरी इथल्या छापखान्याने ते जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचं. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे मुदत तीन दिवसांची, सोबत किती प्रती छापल्या आणि किती पैसे घेतले तेही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड किरकोळ दिसतो. ऐन प्रचारात मशीन बंद पडणं किरकोळ नसतं. नेहमीची चूक म्हणजे 'कार्यकर्ता नंतर सही करून देतो' यावर विश्वास ठेवणं. महापालिका आणि जिल्हा परिषदेसाठी राज्य निवडणूक आयोगाचे आदेश वेगळे असतात. आचारसंहिता लागली की जिल्हा प्रशासन मुद्रकांची बैठक घेतं. संघाचा माणूस तिथून फॉर्मचे ताजे नमुने आणतो, ते त्याच संध्याकाळी सगळ्यांकडे जायला हवेत.

दुसरी जीएसटीची. पार्टीने मजकूर दिला आणि पुस्तक तुमच्या कागदावर छापलं तर ती मुख्यतः सेवा. पण पार्टीचा लोगो घालून तुमच्याच कागदाची पाकिटं किंवा बॉक्स करून दिले तर तो माल. २० ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात हे स्पष्ट आहे, तरी बिलं उलटी फाटतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून कागदी बॉक्सवर ५ टक्के आणि बहुतेक कागद-बोर्डावर १८ टक्के झाले. म्हणजे बॉक्स करणाऱ्याचं क्रेडिट (खरेदीवर भरलेला, वळता करायचा कर) साचत जातं. त्याचा परतावा मागता येतो, पण सूत्रात फक्त कच्चा माल धरतात. सेवांवरचा आणि मशीनवरचा कर त्यात येत नाही, आणि अर्जाला दोन वर्षांची मुदत आहे. एका चांगल्या कर सल्लागाराला दोन तास बोलावून पंधरा छापखान्यांनी आपापली बिलं समोर ठेवली, तर खर्च वाटला जातो आणि उत्तर सगळ्यांचं एकच राहतं. दर बदलायची मागणी दिल्लीपर्यंत न्यायला मात्र १९५३ पासून काम करणारी ऑल इंडिया फेडरेशन ऑफ मास्टर प्रिंटर्ससारखी संस्थाच लागते. तिच्या हाती देण्यासारखी आकडेवारी गावोगावच्या संघांनीच गोळा करायची असते.

तिसरी उधारी. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु छापखान्याचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं; उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात आणलेल्या ४३बी(एच) च्या तरतुदीमुळे मुदत उलटून वर्षअखेरीस थकलेली रक्कम पार्टीला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, म्हणून मार्चमध्ये पार्टीचे सीए स्वतः फोन करतात. बिलावर उद्यम क्रमांक आणि 'सूक्ष्म' की 'लघु' हे छापा; नोंदणी कामाच्या आधीची असू द्या. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे तक्रार हा शेवटचा उपाय, कारण ती पार्टी पुन्हा येत नाही. संघात उपयोग होतो तो आधी विचारून घेण्याचा: 'अमुक तारखेचं, अमुक रकमेचं बिल किती दिवसांनी आलं?' एवढंच विचारा आणि एवढंच सांगा. गटावर कोणाला 'बुडव्या' लिहिलंत तर अब्रूनुकसानीची नोटीस येऊ शकते, आणि सगळ्यांनी मिळून त्याचं काम बंद करायचं ठरवलंत तर पुन्हा तोच स्पर्धा कायदा.

एकत्र कागद खरेदीचं कौतुक फार होतं. माझ्या मते ते जरा जास्तच होतं. २३×३६ इंच, ७० जीएसएमची ५०० शीटची रिम १८.७ किलो भरते. किलोमागे २ रुपये वाचले तर रिममागे ३७ रुपये, ४० रिमला दीड हजार. चांगलंच आहे, पण एकाला २५×३६ हवा असतो, एकाचा चेक परत येतो, आणि माल येईपर्यंत भाव खाली आलेला असतो. करायचंच तर दुकानदाराकडून प्रत्येकाचं बिल वेगळं घ्या, संघाच्या खात्यातून पैसे फिरवू नका, आणि २५ टक्के आगाऊ आल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. प्रदर्शनांचंही तसंच: पामेक्स किंवा ग्रेटर नोएडाचं प्रिंटपॅक गटाने बघायला जाणं स्वस्त पडतं, पण मशीन घ्यायचं नसेल तर तीन वर्षांतून एकदा पुरे.

सगळेच संघ असे चालत नाहीत. काही ठिकाणी दहा वर्षं तेच पदाधिकारी असतात आणि वर्षभराचा कार्यक्रम म्हणजे सत्कार. पैसे भरण्याआधी तीन कागद मागा: मागच्या दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, शेवटच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त आणि कार्यकारिणी बदलल्यावर धर्मादाय आयुक्त कार्यालयात दिलेल्या फेरफार अर्जाची प्रत. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला तो अर्ज ९० दिवसांत द्यावा लागतो; तो वर्षानुवर्षं प्रलंबित असेल तर समजा की आत दोन तट आहेत. इतिवृत्तात तांत्रिक विषय किती आणि हार-तुरे किती, तेही मोजा.

कागद ठीक निघाले तर वर्गणी भरा आणि पहिल्याच बैठकीत मशीनचा तक्ता किंवा मेक-रेडीची वही, दोन्हींपैकी एक काम मागून घ्या. पहिले सहा महिने कोणाकडे जॉब मागू नका. लोक आधी तेच बघतात. कागद दाखवायलाच टाळाटाळ झाली तर पैसे राखून ठेवा, आणि हिंगण्यापासून महालपर्यंतचे ओळखीचे पाच-सहा छापखाने धरून वही आणि मीटरची पेटी सुरू करा. या दोन गोष्टींना नोंदणी लागत नाही.